सत्तर टक्के ऑर्लो

११ मार्च, संध्याकाळ

निकाल लागला. हरलो. म्हणजे तूर्तास हरलो.

ज्युरीचं म्हणणं असं: दोन वर्षांपूर्वी मी कर्लिंग (बर्फावर दगड सरकवायचा आमचा खेळ) क्लबच्या पायरीवर पडलो आणि माझं खुब्याचं हाड मोडलं, यात क्लबची चूक तीस टक्के आणि माझी सत्तर टक्के. आणि आमच्या विस्कॉन्सिनचा कायदा असा की पडणाऱ्याची चूक समोरच्यापेक्षा जास्त भरली तर पडणाऱ्याच्या हाती भोपळा.

पडलो मी. हाड माझं मोडलं. बारा आठवडे वॉकर धरून बाथरूमला मी गेलो. आणि वर चूकही माझीच? हे म्हणजे लग्नही आमचं आणि वरातीतला घोडाही आम्हीच.

कोर्टाच्या जिन्यात डेल्मर प्रोहास्का भेटला. क्लबचा अध्यक्ष, माझ्या टीमचा कप्तान, पन्नास वर्षांचा मित्र (माजी). म्हणाला, ऑर्लो, जिना ओला आहे, कठडा धर. मी धरला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. खालच्या पायरीवर जरा झोक गेला, पण तो कोणाच्या लक्षात आला नसावा.

निर्धार: अपील करणार. वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश असतात. तिघेही शिकलेले.

१२ मार्च

वकिलीणबाईंकडे गेलो. वाल्डफोगेलबाई हुशार आहेत, पण हिंमत कमी. म्हणाल्या, मिस्टर टॉर्सन, अपील करू नका. मी म्हटलं, का? म्हणाल्या, ज्युरी निवडायच्या दिवशी काय झालं ते आठवा.

मला आठवत नाही, असं मी सांगितलं.

(आठवतं. सहापैकी चौघे कर्लिंग खेळणारे निघाले. बाई म्हणाल्या, यांना काढू. मी म्हटलं, खबरदार! ज्याने जन्मात कर्लिंगचा बूट घातला नाही त्याला हा खटला काय कळणार? बर्फावर दगड सरकवताना एका पायातला बूट खालून काचेसारखा गुळगुळीत लागतो, आणि बर्फावरून उतरलं की त्यावर रबरी खोळ चढवायची असते, हे बाहेरच्याला समजावण्यातच आठवडा जाईल. बाई ऐकेनात, तेव्हा मी स्वतः उभा राहिलो आणि न्यायाधीशांना स्वच्छ सांगितलं, मला हीच माणसं हवीत. यांना सगळं कळेल.)

त्यांना सगळं कळलं. आत गेले आणि माझी कॉफी निवायच्या आत बाहेर आले.

बाईंनी माझी फाइल मला परत दिली. म्हणाल्या, शुभेच्छा. हरकत नाही. अपील माणूस स्वतःही लिहू शकतो. तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. नियम वाचणं मला नवीन नाही.

१३ मार्च

मुद्दा अगदी सोपा आहे. लिहून ठेवतो म्हणजे अपीलच्या लेखी युक्तिवादात, ब्रीफमध्ये, उपयोगी पडेल.

पायरीवर बर्फ होता, हे खरं. माझ्या बुटावर खोळ नव्हती, हेही खरं. पण बर्फ आधीपासून होता. खोळ नंतर नव्हती. क्रम महत्त्वाचा आहे. हे ज्युरीला कोणी सांगितलंच नाही.

शिवाय सहापैकी एक ज्युरर निकालाच्या विरुद्ध होता. आमच्याकडे सहात पाच जमले तरी चालतं, म्हणून निभावलं त्यांचं. पण एक जण होता! एक प्रामाणिक माणूस या गावात आहे. तो कोण, हे शोधून काढायला हवं.

१५ मार्च

आर्डिसला अपीलचं सांगितलं. ती रूबार्बच्या आंबटगोड देठांचा पाय ओव्हनमध्ये भाजत होती. म्हणाली, बरं.

सदतीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट शिकलो. बायको ओरडली तर वाचण्याची आशा असते. बरं म्हणाली की संपलं.

आर्डिस अजून दर मंगळवारी बायकांच्या टीममधून क्लबात खेळायला जाते. याकडे मी हेरगिरी म्हणून पाहतो. ती मात्र काही बातमी आणत नाही. विचारलं की म्हणते, आम्ही जिंकलो.

तिच्या साक्षीचा विषय मी काढत नाही. समोरच्या वकिलाने तिला विचारलं, तुमच्या नवऱ्याची खोळ त्या वेळी कुठे होती? कोणतीही जाणती बायको म्हणाली असती, लक्ष नव्हतं. ही म्हणाली, बाकावर, त्याच्या हातमोज्यांशेजारी, मी त्याला हाक मारून सांगितलंही. मी नंतर विचारलं, एवढं सविस्तर कशाला? म्हणाली, बायबलवर हात होता.

४ एप्रिल

अपीलची नोटीस दाखल केली. काउंटरवरच्या बाईने शिक्का मारला. मी म्हटलं, हा शिक्का लक्षात ठेवा. ती म्हणाली, आम्ही रोज मारतो.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे माशांचा दिवस, म्हणून संध्याकाळी आर्डिसबरोबर हायवेवरच्या सपर क्लबात, म्हणजे हॉटेलात. अख्खं गाव होतं. मला वाटलं होतं, लोक पाठ फिरवतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो, एक वाक्यही घोकलं होतं. पण कोणी पाठ फिरवली नाही. उलट मी आत शिरताच मालकाने मॉप आणून माझ्यापुढची फरशी पुसली. कोरडी फरशी. मग पिवळी पाटी आणून ठेवली, सावकाश, फरशी ओली आहे. सगळ्यांनी मान वळवून पाहिलं आणि सगळेच गोड हसले.

यापेक्षा शिवी बरी.

१९ मे

दात साफ करायला गेलो. दात घासणारी ट्रूडी म्हणजे ज्युरीची प्रमुख. हे मला अपॉइंटमेंट घेतानाच माहीत होतं. दाताचं निमित्त.

पण माझ्या बेताला एक खोट होती. प्रश्न मी विचारायचे होते आणि तोंड माझंच उघडं होतं. मी आ करून, ट्यूबसकट, दोनदा विचारलं. तिला बरोबर कळलं. वीस वर्षं अशीच भाषा ऐकते आहे ती.

म्हणाली, तो विरुद्ध मत देणारा ना, हॅरोल्ड? खतविक्रीवाला? हो, तो शेवटपर्यंत हटला नाही बघ. आम्ही सगळे सत्तरवर आलो, तो म्हणे, नाही, नव्वद.

नव्वद!

हॅरोल्डकडून गेल्या महिन्यात मी चार पोती खत घेतलं. म्हणे, ऑर्लो, टोमॅटो कसे आहेत?

ट्रूडी पुढे म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस. आम्हाला तुझं वाईटच वाटलं. पण आम्ही बहुतेक सगळे ते बूट घालतो रे. खोळ न चढवता कोणी बाहेर जातं का? माझी आठ वर्षांची पोरगी जात नाही. आणि हिरड्यांतून रक्त येतंय, दातांसाठीचा दोरा वापरतोस का?

वापरतो म्हटलं. ही ज्युरी सत्य ओळखते म्हणायचं, तर तिने हेही खोटं ओळखलं.

८ जून

खटल्याच्या साक्षींची प्रत आली. अपीलसाठी लागते. बारकाईने वाचली.

माझी साक्ष मला आठवत होती त्यापेक्षा लांब आहे. समोरच्या वकिलाने विचारलं, तुम्ही इतक्या घाईने बाहेर का निघालात? त्यावर माझं उत्तर एकच पान असावं असं मला वाटत होतं. सहा पानं आहे.

थोडक्यात असं: त्या दिवशी सामना संपल्यावर डेल्मरने सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या सामन्यापासून ऑर्लो पहिले दगड टाकेल. टीममध्ये चौघे असतात. पहिले दगड नवशिका टाकतो. मी एकोणीस वर्षं तिसरा होतो, कप्तानाच्या खालोखाल. डेल्मर म्हणाला, तुझे गुडघे आता बसत नाहीत, मी पाहतोय. मी काहीही न बोलता उठलो आणि निघालो. पायात काय आहे हे पाहायला माणसाचं मन ठिकाणावर लागतं.

या सगळ्याचा पायरीवरच्या बर्फाशी काही संबंध नाही. तसं मी साक्षीतही म्हटलं आहे. चार वेळा.

ठराव: ही सहा पानं ब्रीफमध्ये जोडायची नाहीत.

९ जून

जोडावीच लागतात म्हणे. नियम आहे.

२० जुलै

ब्रीफ लिहून झालं. उत्तम. मुख्य मुद्दा: ज्युरीत कर्लिंग खेळणारे बसवले, ते त्याच खेळाचे लोक, क्लबची बाजू घेणारच; असा निवाडा निष्पक्ष कसा? मुद्दा वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

आर्डिसला वाचून दाखवला. ती म्हणाली, पण त्यांना तर तूच बसवलंस. मी म्हटलं, म्हणूनच! एखाद्याने चूक केली असेल तर कोर्टाने ती सुधारायला नको?

ती म्हणाली, म्हणजे चूक तुझी होती.

मी म्हटलं, बारीक कातू नकोस.

बाहेर जाऊन टोमॅटोना पाणी घातलं. हॅरोल्डच्या खताने भलतेच फोफावले आहेत. राग येतो.

६ ऑगस्ट

ब्रीफ परत आलं. मर्यादेच्या दुप्पट लांब आहे, ओळींमधलं अंतर कमी आहे आणि मुखपृष्ठाचा रंग चुकीचा. आतल्या मजकुराबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे मजकुरात त्यांना दोष सापडलेला नाही.

निम्मं कापायचं. काय कापणार? प्रत्येक वाक्य दुसऱ्याला धरून उभं आहे.

१७ ऑगस्ट

काउंटी जत्रा. आर्डिसच्या रूबार्ब पायला दुसरा नंबर. पहिला नंबर डेल्मरच्या बहिणीला. मी म्हटलं, अपील कर. आर्डिसने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी गाईंच्या शेडकडे गेलो.

तिथे डेल्मर उभा. एकटाच. गाईच्या पाठीवर हात ठेवून. वाळला आहे. म्हणाला, ब्रीफ लिहिलंस म्हणे. मी म्हटलं, तुझ्या वकिलाला विचार. तो म्हणाला, वकील माझा नाही रे, विमा कंपनीचा. मला कोणी काही सांगतच नाही. चांगलं झालंय का?

मी सांगणार होतो. अगदी ओठावर आलं होतं, की दुसरा भाग फार जमलाय. शाळेत असल्यापासून मी जे काही लिहिलं ते आधी यालाच दाखवलं आहे. आर्डिसला घातलेली मागणीसुद्धा. पण प्रतिपक्षाशी थेट बोलू नये असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून म्हटलं, गाय छान आहे.

तो म्हणाला, माझी नाही.

मग दोघेही तिच्याकडे पाहत उभे राहिलो.

३ सप्टेंबर

ब्रीफ स्वीकारलं गेलं! रंग बरोबर.

आता तोंडी युक्तिवाद. तीन न्यायाधीशांसमोर प्रत्यक्ष उभं राहून बोलायचं. इथेच मी बाजी मारणार. लेखणीत मी कमी असेन, बोलण्यात नाही. चाळीस पोरांनी भरलेली बस नुसत्या आवाजावर थांबवली आहे मी.

गॅरेजात सराव सुरू. बर्फ काढायचं मशीन, हिरवळ कापायचं मशीन आणि फ्रीजर: तीन न्यायाधीश. फ्रीजर फार कडक आहे.

२३ सप्टेंबर

सूट घेतला. निळा. आर्डिस म्हणाली, अंत्ययात्रेला चालेल. मी म्हटलं, त्यांच्या.

भाषणातलं सर्वांत जोरकस वाक्य: महोदय, माणूस पडतो तेव्हा तो एकटा पडत नाही. याचा नेमका अर्थ अजून ठरला नाही, पण म्हणताना आवाज आपोआप भरून येतो.

एक अडचण. जोशात मी एक गुडघा टेकून दगड कसा टाकतात ते दाखवायला गेलो. खाली गेलो. वर येता आलं नाही. आर्डिस मंगळवारी क्लबात. ती येईपर्यंत फ्रीजरला टेकून बसलो. आली तेव्हा म्हणाली, हे काय? मी म्हटलं, सराव. तिने काखेत हात घालून उठवलं आणि एक शब्द बोलली नाही. गुडघ्यांबद्दलही नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे, पण बोललो नाही.

१५ ऑक्टोबर

समोरच्यांचं उत्तर आलं. विमा कंपनीचा वकील. फार छोटं. माझ्या मुद्द्यावर त्यांनी एकच परिच्छेद खर्च केलाय, त्यात कोर्टातलं माझंच वाक्य जसंच्या तसं: मला हीच माणसं हवीत. यांना सगळं कळेल. खाली लिहिलंय, स्वतः मागून घेतलेल्या गोष्टीबद्दल माणसाला नंतर तक्रार करता येत नाही.

हे अर्धवट उद्धृत आहे. मी ते म्हणताना माझा आवाज कसा होता हे कागदावर येत नाही. तोंडी युक्तिवादात आवाज दाखवीन.

१८ नोव्हेंबर

पत्र आलं. तोंडी युक्तिवाद होणार नाही. कागद वाचून निकाल देणार. आम्हाला गरज वाटत नाही, असं छापील वाक्य.

सूट कपाटात. फ्रीजरला सांगितलं नाही.

नव्याने विचार केला तर ही चांगलीच खूण आहे. मुद्दा इतका उघड असेल तर ऐकायची गरज कशाला पडेल?

आर्डिसला हा तर्क सांगितला. बरं, म्हणाली.

१४ डिसेंबर

बर्फ. गावभर फिरताना माझ्या पुढे बर्फ वितळवायचं मीठ पडतं आहे. शब्दशः. पोस्टात गेलो, पोस्टमास्तर मिठाचा डबा घेऊन दारात. पेट्रोल पंपावर पोरगी पळत आली, थांबा मिस्टर टॉर्सन, मीठ टाकते. चर्चमध्ये पास्टरने स्वतः तीन पायऱ्यांवर मीठ शिंपडलं आणि मी आत जाईपर्यंत दार धरून उभे राहिले. मागे अठरा माणसं थंडीत थांबली. सगळी हसतमुख.

पास्टरना बाजूला घेऊन म्हटलं, मी काही प्रत्येकावर खटला भरत नाही. ते म्हणाले, नाही नाही, ऑर्लो, आम्हाला तुझी काळजी वाटते. पायरीवर सांडलेलं मीठ आर्डिसच्या बुटाला लागून गाडीभर झालं. तिने ते झाडलं. झाडता झाडता म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

मी म्हटलं, मला उद्देशून?

म्हणाली, गाडीत दुसरं कोण आहे?

१४ जानेवारी

निकाल आला.

पाकिटात चार पानं. उघडण्याआधी चहा केला, सूट घातला. सूट का घातला सांगता येणार नाही.

कायम. खालचा निकाल कायम. तिघांचंही एकमत. माझा मुख्य मुद्दा त्यांनी तिसऱ्या पानावर अर्ध्या परिच्छेदात उडवलाय: ज्युरी अपीलकर्त्याने स्वतः निवडली, आग्रहाने निवडली. खोळीचा क्रम या मुद्द्याचा तर उल्लेखही नाही. आधी बर्फ, नंतर खोळ, एवढंही तिघांना समजलं नाही?

जिंकणारच असं मला वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मी तसं धरून चाललो होतो. त्यांनी मला बरोबर ठरवलं की मी क्लबात जाणार, सगळ्यांसमोर डेल्मरला म्हणणार, बघ, पायरीची चूक होती, गुडघ्यांची नव्हती, आणि तो म्हणणार, बरोबर, ऑर्लो, तू तिसराच. एवढंच हवं होतं. पैसे विमा कंपनीने स्वतःकडे ठेवले असते तरी चाललं असतं.

हे कुणाला दाखवायचं नाही.

१४ जानेवारी

काल जरा हळवं लिहिलं गेलं. चहा कडक झाला होता.

नवा निर्धार. अजून राज्याचं सर्वोच्च न्यायालय आहे. सात न्यायाधीश. तीन चुकले म्हणून सात चुकतील असं नाही. अर्ज करायला तीस दिवस. १३ फेब्रुवारीला, शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजता मुदत संपते. पोस्टावर माझा विश्वास नाही, स्वतः राजधानीत, मॅडिसनला, गाडी घेऊन जाणार. गाडीने तीन तास.

मांजर गॅरेजात आल्यामुळे न्यायाधीश चार झालेत. अजून तीन हवेत.

२ फेब्रुवारी

अर्ज लिहून झाला. मर्यादेत. रंग बरोबर. माणूस शिकतो.

आर्डिस संध्याकाळी शेजारी येऊन बसली. टीव्ही लावला नाही. म्हणाली, ऑर्लो, मला एक विचारायचंय. सात जणांनी पण नाही म्हटलं तर?

मी म्हटलं, मग देशाचं सर्वोच्च न्यायालय.

म्हणाली, आणि त्यांनी?

मी अर्जाची पानं चाळायला लागलो. ती म्हणाली, तू पडलास तेव्हा तुझ्याजवळ पहिलं कोण पोचलं माहीत आहे? डेल्मर. खोळ न चढवता. तो पण घसरत घसरतच आला पायरीवरून. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत बर्फात बसून तुझं डोकं मांडीवर धरलं होतं त्याने. तू शुद्धीवर नव्हतास, म्हणून तुझ्या साक्षीत नाही ते.

मग माझ्या हातातला कागद काढून टेबलावर ठेवला आणि झोपायला गेली.

हा नवा पुरावा आहे. पण अपीलमध्ये नवा पुरावा घेत नाहीत.

१० फेब्रुवारी

दुपारी दार वाजलं. डेल्मर. टोपी हातात. खटला भरल्यापासून वीस महिन्यांत पहिल्यांदा आमच्या दारात.

मी दार उघडलं. तो म्हणाला, आपल्या टीममधल्या वर्नच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. शुक्रवारच्या वार्षिक सामन्याला आमच्याकडे चौथा नाही. गावात सगळ्यांना विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे मी शेवटचा.

तो म्हणाला, हो.

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही, तेवढं एक.

मी म्हटलं, कुठल्या जागेवर? तो म्हणाला, पहिल्या. मी म्हटलं, शुक्रवारी मला मॅडिसनला जायचंय, पाचच्या आत. तो म्हणाला, सामना अकराला आहे, एकपर्यंत संपतो. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो पायऱ्या उतरला, मग परत फिरला. म्हणाला, गुडघा टेकवावा लागत नाही हल्ली. लांब दांडी मिळते, उभ्या उभ्या दगड ढकलायची. मी पण गेल्या हिवाळ्यापासून तीच वापरतो.

तोही!

माझं उत्तर कळवलं. अटी: (एक) यात कसलीही कबुली नाही. (दोन) माझे कायदेशीर हक्क राखून ठेवत आहे. डेल्मर फोनवर म्हणाला, हो हो, पावणेअकराला ये.

शुक्रवार, संध्याकाळ

अर्ज गाडीत पुढच्या सीटवर ठेवूनच क्लबात गेलो. सामना संपला की थेट मॅडिसन, असा बेत.

आत शिरलो. सगळे होते. ट्रूडी, हॅरोल्ड, सगळी ज्युरी जवळजवळ. बर्फाचा तो वास आला. तीन वर्षं लागला नव्हता.

दांडीने दगड बरे गेले. दोन तर उत्तमच. दगडापुढचा बर्फ झाडूने घासला की दगड लांब जातो; तसं झाडू मारताना खुबा बोलत होता, पण सांभाळून घेतलं. सामना लांबला. बरोबरीत. शेवटचा दगड डेल्मरचा, आणि तो गोलात जाऊन थांबला तर आम्ही जिंकणार. दगड सुटला तेव्हाच कळलं, हा जातोय. मी पुढे झाडत होतो. डेल्मर मागून ओरडत होता, झाड ऑर्लो, झाड, आणि त्या एकोणीस वर्षांत झाडायचो तसाच मी झाडत होतो.

अर्ध्या वाटेत माझा झाडू दगडाला लागला. किंचित. दगड हलला नाही, आवाज झाला नाही. माझ्याशिवाय कोणालाही कळलं नसतं.

आमच्या खेळात पंच नसतो. चालत्या दगडाला ज्याचा झाडू लागतो, त्याने सांगायचं आणि तो दगड बाद. सांगितलं नाही तर कोणी विचारत नाही.

मी पाय घालून दगड थांबवला आणि म्हटलं, लागला. माझा लागला. माझी चूक.

हॉलभर माना वळल्या. जरा मोठ्याने म्हणालो असेन. बसचा आवाज आहे. डेल्मर तिकडून चालत आला, दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दगड बाजूला सारला. हरलो. एका गुणाने.

नोंद असावी की हे विधान शपथेवर केलेलं नाही आणि त्याचा खटल्यातल्या कोणत्याही मुद्द्याशी संबंध जोडता येणार नाही.

मग वर टेबलाशी बसलो. आमच्यात जिंकलेल्यांनी हरलेल्यांना ब्रँडी पाजायची असते, ती त्यांनी पाजली. एकदा. मग आणखी एकदा. आर्डिस येऊन माझ्या शेजारी बसली. डेल्मर शेवटच्या दगडाबद्दल बोलत होता, की तो जरा जास्तच जोरात गेला होता, थांबला नसताच बहुधा. मी म्हटलं, थांबला असता. तो म्हणाला, नसता. मी म्हटलं, मी जवळून पाहत होतो, डेल्मर, थांबला असता.

भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याचंच लक्ष गेलं. म्हणाला, अरे, साडेचार झाले. तुला कुठे जायचं होतं ना?

मी म्हटलं, नाही. कुठे नाही.